कोऱ्या भिंतीवरचा उजेड

"अक्का, हा माणूस एकतर वेडा आहे, नाहीतर आपल्याला वेड्यात काढतोय," शाहीन म्हणाली आणि तिनं लॅपटॉप माझ्याकडं फिरवला.

स्क्रीनवर आमच्याच कॉमिकमधलं एक चित्र होतं. जुन्या टॉकीजची प्रोजेक्टरची केबिन. उजवीकडं दार, मधोमध मशीन, डावीकडं मोकळी भिंत. चित्रभर लाल ठिपके पडले होते. एकेक ठिपका म्हणजे कुठल्यातरी वाचकानं तिथं लावलेलं बोट. मशीनवर गर्दी, रिळांच्या डब्यांवर गर्दी, दाराशेजारच्या कॅलेंडरवर थोडी. आणि डावीकडच्या कोऱ्या भिंतीवर, माणसाच्या छातीच्या उंचीला, एकाच जागी ठिपक्यांचा घट्ट पुंजका.

"तिथं काय आहे?" मी विचारलं.

"तेच तर. काही नाही. सिनूनं पांढरा रंग फासलाय फक्त. आणि हे सगळे ठिपके एकाच फोनवरचे आहेत. रोज येतो, दुसरं काही बघत नाही. तिथं दाबतो, जातो."

त्या काळात मी एका दैनिकात शहर पान बघायची. ड्यूटी दुपारनंतर सुरू व्हायची, म्हणून सकाळ आमच्या 'मध्यंतर' या कॉमिकची. सोलापुरात शाहीनच्या भावाचं मोबाइलचं दुकान होतं, त्याच्या माडीवर आम्ही तिघं जमायचो. शाहीन मुजावर कोड लिहायची, श्रीनिवास म्याकल चित्रं काढायचा, गोष्ट माझी. श्रीनिवासला सगळे सिनू म्हणायचे. दर शुक्रवारी दुपारी बारा वाजता नवा भाग वेबसाइटवर चढायचा.

कल्पना साधी होती. एका टॉकीजमध्ये मध्यंतर होतं आणि तीन सिनेमांची रिळं एकमेकांत मिसळतात. भुताच्या सिनेमातली बाई आपला खून कुणी केला हे विचारायला हेरगिरीच्या सिनेमात शिरते. विनोदी सिनेमातली सासू जावई शोधत थेट स्मशानात पोचते आणि तिथल्या वेताळाला हुंड्याचं विचारते. सिनू प्रत्येक सिनेमा वेगळ्या हातानं काढायचा. भुताचा शाईच्या ओल्या फटकाऱ्यांनी, हेराचा बारीक काळ्या रेघांनी, सासूचा फटाक्यांच्या पाकिटावर असतात तसल्या भडक रंगांनी. वाचकाच्या हातात डोअरकीपरची बॅटरी. चित्रावर बोट लावलं की तिथं गोल उजेड पडायचा. योग्य वस्तूवर पडला तर वाचक एका सिनेमातून दुसऱ्यात. नाही पडला, तर क्षणभर उजेड आणि परत अंधार.

या चुकलेल्या बोटांचीही आम्ही नोंद ठेवायचो. जिथं काही असेल असं पुष्कळांना वाटतं आणि काही सापडत नाही, तिथं पुढच्या शुक्रवारी दार काढायचं, ही आमची पद्धत. वाचकांना ती ठाऊक नव्हती. आपण अंधारात कुठं बॅटरी मारली हे कुणाला कळत नाही, असंच ते समजत.

जिन्यावर चपला वाजल्या. सिनू वर आला, हातात गरम भज्यांचा पुडा.

"काय चाललंय? दोघींची तोंडं अशी का?"

शाहीननं त्याला चित्र दाखवलं. तो वाकला. बघितलं. मला वाटलं होतं तो हसेल, किंवा विचारेल तरी. त्यानं पुडा सोडला, एक भजं तोंडात टाकलं आणि म्हणाला, "मग पद्धतीप्रमाणं तिथं दार काढू की."

"एका माणसासाठी?"

"एक तर एक. वाचक आहे."

"काढून आत काय दाखवणार?"

"ते तुम्ही लिहा. केबिनला दुसरी वाट होती, असं काहीतरी."

त्यानं हे फार सहज म्हटलं. मला ते सहजपण खटकलं.

कारण मला पेटीचं प्रकरण माहीत होतं. शशिकला टॉकीज पाडून तिथं आता मंगल कार्यालय उभं आहे, पण टॉकीज बंद पडायच्या पुष्कळ आधी, व्हिडिओ कॅसेटच्या जमान्यात, तिथून नव्या सिनेमाच्या रिळांची पेटी चोरीला गेली होती. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. ती बातमी माझ्या शेजारच्या टेबलावर लिहिली गेली. केबिनला एकच दार. दाराला एकच किल्ली. किल्ली ऑपरेटरच्या खिशात, आणि सकाळी कुलूप जसंच्या तसं. ऑपरेटरचं नाव राजय्या म्याकल. सिनूचे वडील, त्याचे नाना. पोलिसांनी नेलं, मारलं, पुरावा मिळाला नाही म्हणून सोडलं. पण पूर्व भागात, म्हणजे सोलापूरच्या विणकर वस्तीत, त्यांचं 'पेटीचोर' हे नाव पडलं ते पडलंच. गावातल्या एकाही टॉकीजनं त्यांना पुन्हा मशीनला हात लावू दिला नाही. उरलेलं आयुष्य त्यांनी यंत्रमागासाठी सुताच्या कांड्या भरण्यात घालवलं.

कॉमिक टॉकीजमध्ये घडवायचं ही सूचना सिनूची होती. मी एका अटीवर होकार दिला होता : खरी माणसं आणायची नाहीत. टॉकीजचा मॅनेजर अजून जिवंत होता, त्याच मंगल कार्यालयाच्या ऑफिसात बसायचा. सिनूचं लहानपणापासून एकच म्हणणं : दुसरी किल्ली मॅनेजरकडं होती. ते त्यानं मला दोनदा सांगितलं होतं, दोन्ही वेळा मी विषय बदलला होता. पुरावा शून्य. आणि आरोप छापला तर उत्तर द्यायला मला उभं राहावं लागणार.

सिनू रंगाची बाटली आणायला खाली गेला तशी मी शाहीनला विचारलं, "हा फोन सिनूचाच नसेल कशावरून?"

ती माझ्याकडं बघत राहिली. "सिनू? स्वतःच्याच चित्रावर?"

"रोज बोट लावायचं, पुंजका करायचा, मग आपल्याच पद्धतीवर बोट ठेवून म्हणायचं, दार काढा. आत मॅनेजरला बसवायचं. मी असते तर असंच केलं असतं."

"त्याचा फोन वेगळा आहे अक्का."

"जुने फोन तुझा भाऊ खाली ढिगानं विकतो."

शाहीनला हे आवडलं नव्हतं. मलाही नव्हतं, पण खातरी करून घ्यायची होती. आम्ही दोघींनी मिळून एक सापळा लावला. पुढच्या भागातही केबिनचं चित्र होतं. सिनू नेहमीप्रमाणं गुरुवारी ते पाठवणार. ते आल्यावर शाहीननं आरशात दिसावं तसं उलटवायचं, दार डावीकडं, कोरी भिंत उजवीकडं. कॅलेंडरवरची अक्षरं तेवढी सरळ करायची. आणि शुक्रवारी बारा वाजता सिनूला आमच्यासमोर बसवायचं, फोनशिवाय.

शुक्रवारी सिनू आला तेव्हा शाहीन म्हणाली, "तुझ्या फोनची काच फुटलीय ना? दे, भाऊ बदलून देतो. फुकट."

"फुकट? तुझा भाऊ आजारी आहे का?"

"दे म्हणते ना."

फोन खाली गेला. बारा वाजले, भाग चढला. मोठ्या स्क्रीनवर ठिपके पडायला लागले. सिनू चहाचा कप घेऊन बघत होता. मी त्याच्याकडं बघत होते.

"हे काय?" तो एकदम उठला. "हे उलटं आहे. माझं चित्र उलटं कुणी केलं?"

"बस. सांगते."

"उजेड कुठून येतोय बघा की! सावल्या सगळ्या चुकल्या. शाहीन, तू केलंस?"

"अक्का म्हणाल्या—"

"न विचारता?"

मी काही बोलायच्या आत शाहीननं स्क्रीनवर बोट ठेवलं. भिंतीवर ठिपका पडला होता. उजवीकडच्या कोऱ्या भिंतीवर, छातीच्या उंचीला. मग त्याच जागी दुसरा. मग तिसरा.

माणसाला नुसती स्क्रीनवरच्या जागेची सवय लागलेली असती तर बोट स्क्रीनच्या डावीकडं गेलं असतं. हे बोट दारासमोरची भिंत शोधत आलं होतं. हा माणूस त्या केबिनमध्ये कधीतरी उभा राहिलेला होता. आणि तो सिनू नव्हता. सिनू माझ्यासमोर चहा सांडून उभा होता.

त्याला समजायला वेळ लागला नाही. "फोन त्यासाठी घेतलात," तो म्हणाला. "तुम्हाला वाटलं, मी."

"हो."

"तोंडावर विचारायचं होतं अक्का."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास. केलं असतंस तरी आणि नसतंस तरी, नाहीच म्हणाला असतास."

तो कडवट हसला. "नानांना पण असंच विचारलं होतं म्हणे फौजदारानं."

शाहीननं फडकं आणून चहा पुसला. पण सिनूचा राग फार टिकला नाही, कारण त्याच्या डोक्यात दुसरंच काही पेटलं होतं.

"मॅनेजर!" तो म्हणाला. "तोच असणार. त्याला भीती वाटतेय, आपल्याला कळलंय का म्हणून. म्हणून रोज येऊन चाचपतोय. शाहीन, फोन कुठला आहे कळतं का?"

"घर नाही कळत. गाव कळतं, तेही साधारण." ती टाइप करत राहिली. मग थांबली. "सोलापूर नाही. भिवंडी दाखवतंय."

सिनू खाली बसला.

"भिवंडीत कोण?" मी विचारलं.

"आमचा काका. अंबादास."

"तो टॉकीजमध्ये होता?"

"पोस्टरं चिकटवायचा. शशिकलाचीच. पेटीचं झालं आणि दोन महिन्यांत भिवंडीला गेला, यंत्रमागावर कामाला. परत राहायला कधी आला नाही. आजीच्या दहाव्याला आला, तेही मागं उभा राहून गेला. नाना आणि तो बोलत नाहीत." त्यानं कपाळ चोळलं. "कॉमिकची लिंक मीच घरच्या ग्रुपवर टाकली होती. तो त्यात आहे. एक अक्षर लिहीत नाही कधी."

मग तो पुन्हा उठला. या वेळी त्याचा आवाज थंड होता. "पुढच्या शुक्रवारी ती भिंत उघडायची. आतून हात येईल, पेटी उचलेल. नाव घालत नाही, तुमची अट पाळतो. पण मनगटावर त्याचं गोंदण काढतो. पूर्व भागात ज्यांना कळायचं त्यांना कळेल."

"तुझ्याकडं काय आहे? भिंतीवरचे ठिपके."

"पुरेसे आहेत."

"मला नाहीत. नानांना विचारू. तिथं खरंच वाट होती का, एवढंच. ते हो म्हणाले तर तू काढ, मी लिहीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. राजय्या चरख्याशी बसून कांड्या भरत होते. अंगात बनियन, कानावर पेन्सिल. मला बघून त्यांनी चाक थांबवलं.

"या की मॅडम. पोरगं काय करतंय तुमच्याकडं, भुतं काढतंय म्हणे?"

"चांगली काढतो. तुमच्या केबिनचं चित्र काढलंय, तुमच्याकडून ऐकून. बरोबर आहे का बघायचं होतं."

"केबिन बघून काय करायचं आता," ते म्हणाले, पण हात धोतराला पुसले.

"एक विचारू? दार एकच होतं?"

"एकच." उत्तर लगेच आलं. वर्षानुवर्षं दिलेलं उत्तर असतं तसं, गुळगुळीत. "एक दार, एक किल्ली. फौजदाराला पण हेच सांगितलं."

सिनूनं तोंड उघडलं. मी त्याला खुणेनं थांबवलं, माझ्या फोनवर तो भाग उघडला आणि राजय्यांच्या हातात दिला. ठिपक्यांचं काही सांगितलं नाही.

"ही बॅटरी समजा. बोट लावाल तिथं उजेड पडतो. मारा कुठंही."

त्यांनी फोन लांब धरला, मग जवळ आणला. मशीनवर बोट लावलं. उजेड पडला. त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखं हसू आलं. "अरे! दिव्यातला कार्बनचा दांडा बी काढलाय." मग रिळांच्या डब्यांवर. मग दारावर. "हे उलटं आहे पण. दार या बाजूला नव्हतं."

"हो. उलटं आहे."

ते बघत राहिले. अंगठा स्क्रीनवर अधांतरी थांबला होता. मग तो सावकाश सरकला, उजवीकडं, कोऱ्या भिंतीवर, छातीच्या उंचीला. टेकला. गोल उजेड पडला, पांढरी भिंत दिसली, उजेड गेला. त्यांनी पुन्हा टेकवला.

"नाना," सिनू म्हणाला, "तिथं काय होतं?"

राजय्यांनी फोन माझ्याकडं परत दिला. "भिंत."

"नाना, तिथं काका रोज बोट लावतो. भिवंडीहून. रोज. त्याच जागी."

घरात स्वयंपाकाचा आवाज येत होता, तोही थांबला. राजय्यांनी चाकाला हात लावला, पण फिरवलं नाही.

"रोज?"

"रोज."

"काय करतो?"

"काही नाही. दाबतो आणि जातो."

"काही लिहीत नाही?"

"नाही."

राजय्यांनी चाकावरचा हात काढला. मग माझ्याकडं न बघता, चाकाकडं बघत म्हणाले, "पलीकडं पोस्टरांची खोली होती. खळ शिजवायचा तो तिथं. मधे जुनी खिडकी होती, प्लायवूड ठोकून चुना मारलेला. कुणाला माहीत नव्हती. त्याला सिनेमाचं वेड. बाल्कनीत बसू देत नव्हते पोस्टरवाल्याला. मीच दोन खिळे ढिले केले. शो सुरू झाला की प्लाय सरकवायचा, माझ्या खांद्यावरून बघायचा. खळीचा वास यायचा, की मला कळायचं, आला."

"म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," सिनू म्हणाला.

"पेटी दिसली नाही तेव्हाच. मी भिंतीकडं बघितलं. प्लायवर ओला चुना होता."

"आणि बोलला नाहीत."

"मिसरूड फुटलं नव्हतं रे त्याला नीट. कुणीतरी दोनशे-पाचशे दाखवले असतील, म्हणाले असतील, कॅसेट काढून एका रात्रीत परत आणून देऊ. मला मारलं तसं त्याला मारलं असतं, तर तो वाचला नसता."

"आणि मला?" सिनूचा आवाज चढला. "शाळेत मला पेटीचोराचं पोरगं म्हणायचे. दहावीपर्यंत. ते?"

"ऐकू येत होतं मला."

एवढंच ते म्हणाले. सिनू दारात गेला, पाठ करून उभा राहिला.

"शुक्रवारी मी ती खिडकी उघडणार आहे नाना," तो तिथूनच म्हणाला. "तुमचं नाव धुऊन निघेल."

"कुणासाठी? ज्यांनी ठेवलं ते मेले निम्मे." राजय्यांनी कानावरची पेन्सिल काढली, परत लावली. "उघडलीस, तर तो परत यायचा नाही तिथं."

"न येऊ दे!"

"तो ग्रुपवर बोलत नाही. फोन उचलत नाही. आई गेली तेव्हा मागं उभा राहिला, मी वळून बघेपर्यंत गेला." त्यांनी माझ्या हातातल्या फोनकडं बोट केलं. "आता रोज येतो म्हणतोस. खिडकीशी. येऊ दे की."

मी उठले. ही गोष्ट आता माझ्या लिहिण्याची उरली नव्हती. भिंत सिनूनं काढली होती, तिचं काय करायचं तेही त्यानंच ठरवायचं होतं. रस्त्यावर आल्यावर मी त्याला एवढंच सांगितलं, की चित्र गुरुवारी संध्याकाळपर्यंत हवं.

गुरुवारी त्याचं चित्र आलं. केबिन होती, सरळ, दार उजवीकडं. मशीन होतं, डबे होते. विनोदी सिनेमातली सासू मशीनच्या झोतात उभी राहून कुणाला तरी दम देत होती. डावीकडं पांढरी भिंत. हात नव्हता, गोंदण नव्हतं, रेघसुद्धा नव्हती.

खाली शाहीनसाठी एक ओळ होती : 'भिंतीवर त्या जागी बोट लागलं तर उजेड जरा जास्त वेळ राहू दे. बाकी सगळीकडं नेहमीसारखा.'

शुक्रवारी बारा वाजता आम्ही तिघं स्क्रीनसमोर बसलो. सिनूचा फोन त्याच्या खिशात होता. कुणी मागितला नाही. मशीनवर ठिपके पडले, सासूवर पुष्कळ पडले. मग डावीकडच्या भिंतीवर एक.

"भिवंडी," शाहीन म्हणाली.

उजेड पडला आणि राहिला. तो जाईपर्यंत आम्ही बघत होतो. तेवढ्यात त्याला लागूनच, वीतभर खाली, दुसरा ठिपका पडला.

शाहीन पुढं वाकली. "हा दुसरा कोण? हा तर सोलापूरचा आहे."

सिनूनं चहाचा कप खाली ठेवला.

"नानांना फोन घेऊन दिला," तो म्हणाला. "तुझ्या भावाकडूनच. फुकट नाही दिला त्यानं."